१०१ गुण मिळूनही नापास : जपानी परीक्षेचा निकाल कसा वाचावा?

सदर : शिकत्या मुलांचे घर



अकोला जिल्ह्यातून एका वडिलांचे चार पानी पत्र आले आहे. ते एस.टी.तून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या कन्येने नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि जपानमध्ये वृद्धांच्या सेवेचे काम मिळावे म्हणून दीड वर्ष जपानी भाषेचा क्लास केला. डिसेंबरात ती पुण्याला जाऊन 'एन-४' ही परीक्षा देऊन आली. जानेवारीच्या अखेरीस मोबाईलवर निकाल पाहिला तर एकूण १८० पैकी १०१ गुण, आणि शेरा मात्र नापास! उत्तीर्ण होण्यास ९० गुण लागतात असे क्लासमध्ये सांगितले होते. तिच्याबरोबर परीक्षेला गेलेल्या मुलाला ९२ गुण मिळाले आणि तो पास झाला. "हा अन्याय नाही तर काय?" असे वडील विचारतात.

पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत. क्लासच्या आसपास फिरणारा एक एजंट घरी येऊन सांगून गेला की, वीस हजार रुपये द्या, मी पेपर पुन्हा तपासून आणतो. आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणू लागली आहेत की, पुरे झाले जपान, आता मुलीसाठी स्थळ पाहा. मुलगी कोणाशी बोलत नाही. वडिलांनी तीन प्रश्न विचारले आहेत : निकाल चुकला आहे काय? पैसे भरावेत काय? मुलीचे शिकणे थांबवावे काय?

हे प्रश्न एका घराचे नाहीत. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली आता जपानी शिकत आहेत, आणि त्यांचा निकाल आला की घरात तो वाचू शकणारे दुसरे कोणी नसते. दहावी-बारावीची गुणपत्रिका आपल्याला कळते. ही कळत नाही, म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. त्यामुळे नाव-गाव गाळून येथे सविस्तर उत्तर देत आहोत. थोडक्यात उत्तर आधी सांगून टाकतो. भाऊ, निकाल चुकलेला नाही. एक रुपयाही भरू नका. आणि मुलीचे शिकणे थांबवू नका. आता कारणे पाहू.

ही परीक्षा कोणती?

तिचे नाव जपानी भाषा प्राविण्य परीक्षा. मुले तिला 'जेएलपीटी' म्हणतात. ती १९८४ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी १५ देशांत मिळून सुमारे ७,००० जण बसले होते. आता जगभरातून वर्षाला दहा लाखांहून अधिक अर्ज येतात. जपानबाहेर 'जपान फाउंडेशन' ही संस्था प्रत्येक ठिकाणच्या स्थानिक संस्थेच्या साहाय्याने ती घेते. जुलै आणि डिसेंबर महिन्यांचा पहिला रविवार हे तिचे दिवस. मात्र प्रत्येक केंद्रावर दोन्ही वेळा परीक्षा असतेच असे नाही.

परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत : एन-५, एन-४, एन-३, एन-२ आणि एन-१. आपल्याकडे पहिली इयत्ता सोपी आणि दहावी अवघड. येथे उलटे आहे. एन-५ ही सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत कठीण. तेव्हा मुलगी 'पाच'वरून 'चार'ला आली म्हणजे खाली घसरली असे समजू नये; ती एक पायरी वर चढली आहे.

निकालात काय लिहिलेले असते?

निकाल दोनदा येतो. आधी तो इंटरनेटवर दिसतो : डिसेंबरच्या परीक्षेचा साधारण जानेवारीअखेर, जुलैच्या परीक्षेचा साधारण ऑगस्टअखेर. तो पाहण्यासाठी प्रवेशपत्रावरील नोंदणी क्रमांक आणि अर्ज भरताना स्वतः ठरवलेला आठ अंकी पासवर्ड लागतो. त्यानंतर महिना-दीड महिन्याने छापील निकालपत्र परीक्षा घेणाऱ्या स्थानिक संस्थेमार्फत मिळते. जपानबाहेर परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला, पास असो वा नापास, गुणांचे हे पत्र मिळते. पास झालेल्याला त्याबरोबर प्राविण्याचे वेगळे प्रमाणपत्रही मिळते.

या कागदावर पालकांनी चार गोष्टी शोधाव्यात. पहिली, पायरी कोणती. दुसरी, प्रत्येक विभागाचे गुण. तिसरी, एकूण गुण. चौथी, ए, बी, सी ही अक्षरे. आपण सवयीने तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे बेरजेकडे, धाव घेतो. पण या परीक्षेत खरी माहिती दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीत असते.

एन-५ आणि एन-४ या पायऱ्यांवर गुणांचे दोन विभाग असतात. शब्द, व्याकरण आणि वाचन यांचा मिळून एक विभाग, तो १२० गुणांचा. ऐकण्याचा दुसरा, तो ६० गुणांचा. एन-३ पासून वर तीन विभाग होतात : शब्द व व्याकरण ६०, वाचन ६०, ऐकणे ६०. एकूण सर्वत्र १८०.

पास होण्यास एकूण गुण लागतात ते असे : एन-५ ला ८०, एन-४ ला ९०, एन-३ ला ९५, एन-२ ला ९० आणि एन-१ ला १००. एन-२ ला एन-३ पेक्षा कमी गुण लागतात म्हणून ती सोपी, असे नाही. प्रत्येक पायरीची मोजपट्टी वेगळी आहे.

बेरीज पुरेशी का नाही?

एकूण गुणांशिवाय प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावे लागतात. ६० गुणांच्या विभागात किमान १९ आणि १२० गुणांच्या विभागात किमान ३८. एका जरी विभागात त्याहून कमी पडले, तर बेरीज कितीही मोठी असो, निकाल नापास. आणि एखादा विभाग दिलाच नाही, तर इतर विभागांचे गुणही दाखवत नाहीत.

आता पत्रलेखक वडिलांनी पाठवलेले गुण पाहा. त्यांच्या कन्येला शब्द, व्याकरण आणि वाचन यांत १२० पैकी ८४ मिळाले आहेत. हे गुण चांगलेच आहेत. ऐकण्यात मात्र ६० पैकी १७. बेरीज १०१ झाली, पण ऐकण्यात दोन गुण कमी पडले. बरोबरच्या मुलाला पहिल्या विभागात ६२ आणि ऐकण्यात ३०, बेरीज ९२. त्याला पुस्तकातले तिच्यापेक्षा कमी येते. तरी दोन्ही विभागांत त्याने किमान रेषा ओलांडली, म्हणून तो पास झाला.

क्लासमध्ये "९० लागतात" एवढेच सांगितले गेले असेल तर अर्धेच सांगितले गेले. याचेही कारण आहे. २००९ पर्यंत या परीक्षेच्या चारच पायऱ्या होत्या आणि त्या वेळी बेरजेवरच निकाल लागत असे. चारशे पैकी साठ टक्के, सर्वांत वरच्या पायरीला सत्तर टक्के, एवढे झाले की पास. २०१० साली परीक्षेची नवी पद्धत आली आणि विभागवार किमान गुणांची अट तेव्हा सुरू झाली. जुन्या पद्धतीत शिकलेल्या माणसांच्या तोंडी अजून बेरजेचीच भाषा असते.

ही अट अन्यायाची आहे काय?

ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या पक्षपात आला, त्यांना निकाल पाहून शंका येणे स्वाभाविक आहे. शंका विचारावी, गप्प बसू नये. पण शंकेचे उत्तर मिळाले तर ते मानावेही.

या परीक्षेत सर्व प्रश्न पर्यायांचे असतात. उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीने गोल काळा करायचा असतो आणि ती उत्तरपत्रिका यंत्र वाचते. तोंडी परीक्षा नाही, निबंध नाही. त्यामुळे परीक्षकाची मर्जी, अक्षराचे वळण किंवा आडनाव यांना गुणांत जागा नाही. ९२ वाला मुलगा आणि १०१ वाली मुलगी, दोघांना एकच नियम लागला आहे.

आणि नियमाचा अर्थही पाहा. ६० पैकी १९ म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. ही रेषा उंच ठेवलेली नाही. तिच्या खाली गुण आले, म्हणजे समोरचा बोलला ते बहुतेक निसटून गेले, असाच अर्थ होतो. भाऊ, आपली मुलगी वृद्धांच्या सेवेला जाऊ इच्छिते. तेथे अंथरुणावरची म्हातारी माणसे कागदावर लिहून देणार नाहीत. 'इताइ' म्हणजे दुखते आहे. 'कुरुशिइ' म्हणजे श्वास कोंडतो आहे, फार त्रास होतो आहे. 'अबुनाइ' म्हणजे धोका आहे, सांभाळ. हे शब्द क्षीण आवाजात, अर्धवट, एकदाच कानावर येतात. ते न कळणारी मुलगी तेथे पोचली, तर त्या म्हाताऱ्याचेही हाल आणि मुलीचेही. पुस्तकातले ८४ गुण त्या रात्रपाळीत तिच्या मदतीला येणार नाहीत. आज घरी बसून हे दोन गुण कमी पडलेले कळणे, हे परदेशात एकटीला कळण्यापेक्षा पुष्कळ बरे.

बरोबर उत्तरे मोजून गुण का जुळत नाहीत?

मुले परीक्षेहून येतात, आठवून आठवून आपली बरोबर उत्तरे मोजतात आणि निकालाशी ताडून पाहतात. मग आकडे जुळत नाहीत आणि पुन्हा संशय येतो. येथे 'एका प्रश्नाला एक गुण' असा हिशेब नाही. एखाद्या वेळी प्रश्नपत्रिका थोडी अवघड निघते, एखाद्या वेळी सोपी. म्हणून कोणते प्रश्न बरोबर आले आणि कोणते चुकले, याची संपूर्ण मांडणी पाहून गणिती पद्धतीने गुण काढतात. हेतू असा की, जुलैचे ३० आणि डिसेंबरचे ३० यांचा अर्थ एकच राहावा. यंदाची ज्वारी हलकी, गेल्या वर्षीची भरदार. तरी काट्यावर किलो तो किलोच राहिला पाहिजे, तसे. यामुळे दोन मुलांची तितकीच उत्तरे बरोबर असूनही गुणांत फरक पडू शकतो.

प्रश्नपत्रिका घरी आणता येत नाही. त्यामुळे "माझी इतकी बरोबर होती" हे ताडून पाहण्याचा मार्गही नाही.

पुनर्तपासणीच्या नावाने पैसे

आता एजंटाचे बोलू. या परीक्षेत गुणांची फेरतपासणी होत नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ते स्पष्ट सांगितलेले आहे. आपल्या बोर्डाप्रमाणे शुल्क भरून उत्तरपत्रिका पुन्हा पाहण्याची सोय येथे नाही. जी गोष्ट मुळातच नाही, ती वीस हजारांत आणून देतो म्हणणारा माणूस एकतर पैसे घेऊन नाहीसा होईल, नाहीतर खोटा कागद हातात देईल. दुसरे अधिक वाईट. खोटे प्रमाणपत्र घेऊन व्हिसाचा अर्ज केला आणि ते पकडले गेले, तर मुलीची जपानची वाट पुढेही अडते. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतील, पण नावाला लागलेला डाग पुसणे फार कठीण.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडे नोंदणी आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी यंत्रणेवर पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा. जो क्रमांक द्यायला टाळाटाळ करतो, त्याला चहा पाजून निरोप द्या. मूळ पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नका, झेरॉक्स द्या.

ए, बी, सी ही अक्षरे काय सांगतात?

एन-४ च्या निकालपत्रावर शब्द, व्याकरण आणि वाचन यांच्यासमोर ए, बी किंवा सी असे अक्षर असते. ए म्हणजे त्या भागातील ६७ टक्के किंवा अधिक उत्तरे बरोबर. बी म्हणजे ३४ ते ६६ टक्के. सी म्हणजे ३४ टक्क्यांहून कमी. या अक्षरांवर पास-नापास ठरत नाही. पुढचा अभ्यास कोठे करायचा, हे कळावे म्हणून ती दिलेली असतात.

पत्रातील मुलीला शब्दांत ए, व्याकरणात बी, वाचनात बी मिळाले आहे. याचा अर्थ सरळ आहे. हिने शब्द पाठ केले आहेत. व्याकरण मध्यम आहे, थोड्या उजळणीने सुधारेल. कान मात्र तयार नाही. दीड वर्ष फुकट गेले, असे हा कागद कोठेही म्हणत नाही. कोणत्या एका कामाला आता बसायचे, ते तो सांगतो. नापास मुलीच्या हाती इतके स्पष्ट मार्गदर्शन देणाऱ्या परीक्षा थोड्या असतात.

मराठी माणसाचा कान कोठे अडतो?

जपानी व्याकरण मराठी मुलांना तितके परके नाही. आपण म्हणतो 'मी भात खातो'. जपानीत 'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु'. आधी मी, मग भात, शेवटी खाणे. क्रम तोच. 'पुण्याला' म्हणताना आपण नामाला 'ला' लावतो, तेथे 'नि' लावतात. 'पुण्याहून' म्हणायचे तर 'पुणे कारा'. मोठ्यांशी आदराने बोलण्याची रूपे वेगळी, हेही आपल्याला नवे नाही. म्हणून आपल्या मुलांना वहीत लवकर जमते, आणि वहीत जमले की भाषा आली असे वाटू लागते.

अडचण उच्चारांच्या लांबीत येते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसे पाळत नाही. जपानीत लांबी बदलली की अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू, मावशी किंवा आत्या. 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'किते' म्हणजे ये, 'किइते' म्हणजे ऐक, आणि 'कित्ते' म्हणजे काप. जोडाक्षराचा जोर आपल्या कानाला कळतो, कारण 'पका' आणि 'पक्का' यांतला फरक आपण रोज ऐकतो. पण 'किते' आणि 'किइते' यांत आपला कान फसतो.

आकड्यांत तर विशेष सांभाळावे लागते. 'इचिजि' म्हणजे एक वाजता, 'शिचिजि' म्हणजे सात वाजता. 'योक्का' म्हणजे चार तारीख, 'योओका' म्हणजे आठ तारीख. औषध एक वाजता द्यायचे की सात वाजता, हे ऐकताना चुकून चालेल काय? परीक्षेतही नेमके असेच विचारतात : कोण कधी येणार, आधी कोणते काम करायचे, काय आणायचे.

ऐकण्याचा विभाग सर्वांत शेवटी येतो. एन-४ ला आधी शब्दांची २५ मिनिटे, मग व्याकरण आणि वाचनाची ५५ मिनिटे, आणि त्यानंतर ऐकण्याची ३५ मिनिटे. तोवर डोके शिणलेले असते. ध्वनिमुद्रण एकदाच वाजते. चुकलेले वाक्य परत येत नाही, आणि जे त्या वाक्याचाच विचार करत बसतात त्यांचे पुढचे दोन प्रश्न जातात. काही प्रश्नांचे पर्यायही छापलेले नसतात, तेही ऐकूनच निवडायचे असतात. ज्या क्लासमध्ये शिक्षक मराठीत किंवा हिंदीत समजावतात आणि मुले खाली मान घालून कांजी गिरवतात, तेथे कानाला हे वळण लागणार कसे?

पुढचे पाच महिने

जुलैच्या परीक्षेचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये भरले जातात. म्हणजे जानेवारीअखेर निकाल लागल्यावर घराला निर्णय घ्यायला थोडे आठवडेच मिळतात. ते रुसव्या-फुगव्यात घालवू नयेत. आपल्या केंद्रावर जुलैची परीक्षा आहे का, याची चौकशी आधी करावी. पुन्हा बसताना सर्व विभाग पुन्हा द्यावे लागतात. आधीचे ८४ गुण जमेस धरले जात नाहीत. म्हणून शब्द-व्याकरणाची उजळणी चालू ठेवून मुख्य जोर ऐकण्यावर द्यावा.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर २०१२ आणि २०१८ साली निघालेले अधिकृत सराव-संच आवाजासह मोफत आहेत. जपान फाउंडेशनचे 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तकही आवाजासह मोफत मिळते. त्यात दुकान, दवाखाना, कामाची जागा अशा ठिकाणची बोलणी आहेत.

रोज वीस मिनिटे पुरतात, पण रोज पाहिजेत. एक छोटे संभाषण घ्यावे. पहिल्यांदा कागद न पाहता ऐकून उत्तर निवडावे. दुसऱ्यांदा ऐकून वेळ, तारीख, संख्या टिपून घ्याव्यात. परीक्षेतही प्रश्नपत्रिकेवर टिपणे काढता येतात. तिसऱ्यांदा लिहिलेला मजकूर समोर ठेवून ऐकावे आणि कान कोठे फसला त्या शब्दाखाली रेघ ओढावी. शेवटी ध्वनिमुद्रणाच्या मागोमाग तेच वाक्य त्याच लांबीने मोठ्याने म्हणावे. मोठ्याने म्हणायची लाज वाटता कामा नये. ज्याची जीभ लांबी पाळते, त्याचा कानही लवकर ती ओळखतो.

येथे घरातल्यांचे काम सुरू होते. मुलगी ऐकायला बसली की टीव्हीचा आवाज बंद करा. पाहुणे आले तर चहा भावाने ठेवावा. पाणी भरणे, धुणे-भांडी यांतून अर्धा तास तिला मोकळा द्या. जपानी येत नसले तरी आईलाही मदत करता येते. तारखा आणि वेळा मराठीत लिहिलेली चिठ्ठी हातात घेऊन मुलगी बरोबर सांगते का, एवढे ताडून पाहावे. ज्या घरात भिंतीला कान लावूनही काही ऐकू येत नाही इतका गलबला असतो, तेथे विहाराच्या किंवा वाचनालयाच्या एखाद्या खोलीत सकाळी अर्धा तास बसण्याची सोय करावी.

नुसत्या एन-४ साठीच थांबायचे नसेल तर दुसराही मार्ग आहे. जपानने एप्रिल २०१९ पासून परदेशी कामगारांसाठी 'तोकुतेइ गिनो' म्हणजे विशिष्ट कौशल्याचा व्हिसा सुरू केला आणि भारताशी त्याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्यासाठी भाषेची अट एन-४ ने पूर्ण होते, तशीच जपान फाउंडेशनच्या 'जेएफटी-बेसिक' या संगणकावरील परीक्षेनेही होते. तिचा निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसतो. पण ऐकण्याचा विभाग तेथेही आहे; कान चुकवून जाण्याची वाट कोठेच नाही. शिवाय वृद्धसेवेच्या कामासाठी कौशल्याची परीक्षा आणि त्या कामाच्या जपानी भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. तेव्हा एन-४ पास झाली म्हणजे विमानात बसली, असे होत नाही.

लग्नाविषयी एवढेच. स्थळ पाहणे किंवा न पाहणे हा मुलीच्या इच्छेचा प्रश्न आहे. तो दोन गुणांच्या निकालाशी बांधू नये. नापास झाली म्हणून लग्न, ही शिक्षा झाली. आणि शिक्षा म्हणून केलेला संसार कोणालाच सुखाचा होत नाही. तिला आधी जेवायला बोलवा. मग निकालपत्र समोर ठेवून विभागवार गुण तिच्याकडूनच समजावून घ्या. बाप आपला कागद समजून घेतो आहे, एवढे दिसले तरी मुलगी बोलू लागेल.

पास झालेल्यांच्या घरी

ज्या घरी पेढे वाटले गेले, त्यांनीही निकाल वाचावा. ९२ गुणांनी पास झालेल्या मुलाच्या कागदावर व्याकरणासमोर सी असेल, तर एन-३ च्या वर्गात तो अडखळेल. त्याने घाईने पुढचा अर्ज भरण्याआधी मागची उजळणी करावी. ही परीक्षा बोलणे आणि लिहिणे तपासत नाही. मालक मात्र मुलाखतीत बोलायलाच लावतो. म्हणून पास झाल्यावर बोलण्याचा सराव वाढवावा.

डिसेंबर २०२५ च्या परीक्षेपासून उत्तीर्णांच्या निकालपत्रावर युरोपातील भाषा-पातळीचा संदर्भही दिला जातो. एन-५ पासला ए-१, एन-४ पासला ए-२. हे ए म्हणजे वर सांगितलेले ६७ टक्क्यांचे ए नव्हे. दोहोंची गल्लत करू नये. उलट भाषा-पातळीत ए ही सुरुवातीची पायरी आहे.

प्रमाणपत्राला मुदत नाही. ते संपत नाही. मात्र एखादी कंपनी किंवा संस्था स्वतःच्या नियमाने अलीकडचे प्रमाणपत्र मागू शकते. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे असावे, याची काळजी अर्ज भरतानाच घ्यावी. आणि विशिष्ट कौशल्याच्या पहिल्या प्रकारच्या व्हिसावर सर्वसाधारणपणे एकूण पाच वर्षेच राहता येते, त्यात नवरा-बायको-मुलांना सोबत नेता येत नाही, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे. पुष्कळ घरांत ही गोष्ट तिकीट काढल्यावर कळते.

पुढे शिकत राहिल्यास दारे आणखी उघडतात. उच्च कौशल्याच्या व्हिसासाठी जपान सरकार जे गुणांकन करते, त्यात एन-२ ला १० आणि एन-१ ला १५ गुण आहेत. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला जपानची वैद्यकीय परीक्षा द्यायची तर एन-१ लागते. एन-४ वर थांबणारी आणि एन-२ पर्यंत जाणारी, यांच्या कामात आणि पगारात फरक पडतो. तेव्हा मुलांनी पहिल्या नोकरीनंतरही वही मिटू नये.

ज्या पालकांना आपल्या मुलांच्या निकालपत्रातील एखादा आकडा किंवा अक्षर कळले नसेल, त्यांनी या सदराच्या नावे साप्ताहिकाच्या पत्त्यावर लिहावे. पायरी, विभागवार गुण आणि ए-बी-सी एवढे कळवले तरी पुरे. नोंदणी क्रमांक, पासवर्ड किंवा पासपोर्टचा नंबर मात्र पत्रात लिहू नका. तो आम्हालाही नको आणि दुसऱ्या कोणालाही देऊ नका.